मधुमेही म्हाताऱ्या बोक्याचं चोंदलेलं नाक: घरी काय करायचं आणि कधी धावायचं

सकाळचे सव्वासहा. बशीत कोमट केलेलं चिकन, माझ्या हातात दोन युनिट भरलेली सिरिंज आणि बंड्या बशीकडे पाठ करून बसलेला. श्वासागणिक नाकातून बारीक शिट्टी वाजतेय. त्याला चिकन नकोय असं नाही. समोर चिकन आहे हेच त्याला कळलेलं नाही. मांजर डोळ्यांनी जेवत नाही, नाकाने जेवतं. नाक बंद म्हणजे भूक बंद. आणि इन्सुलिनची वेळ तर झालेली. देऊ की नको?

ज्यांच्या घरी असं मांजर आहे त्यांना हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी पडतोच. मी डॉक्टर नाही. बंड्या चौदा वर्षांचा आहे, सर्दी पिल्लू असल्यापासून आणि साखर गेली तीन वर्षं. या तीन वर्षांत चुका करत बसलेली घडी खाली देतेय. त्यातला क्रम घ्या, डोस मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी खात्री: ही जुनी सर्दीच आहे ना?

बंड्या आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत मीटरच्या खोलीत सापडला तेव्हा महिनाभराचा असेल. डोळे चिपडांनी पार मिटलेले. बहुतेक जुनाट सर्दीवाल्या मांजरांची गोष्ट अशीच सुरू होते. मांजरांचा हर्पीस विषाणू आणि त्याचा जोडीदार कॅलिसी लहानपणी नाकात शिरतात. आतली कागदासारखी पातळ, गुंडाळी केलेली हाडं आणि त्यांवरचं अस्तर खराब होतं. या अस्तरात शेंबूड साचतो, साचलेल्या शेंबडात जिवाणू वाढतात. औषधाने जिवाणू मरतात, पण अस्तर नवं होत नाही. त्यातून हर्पीस आयुष्यभर मज्जातंतूंत दबा धरून बसतो आणि ताण आला की डोकं वर काढतो. (माणसांना हा लागत नाही, घाबरू नका.) म्हणून ‘कायमचं बरं करा’ असं डॉक्टरांना म्हणण्यात अर्थ नाही. सर्दीच्या दोन झटक्यांमधलं अंतर वाढवायचं आणि आलेला झटका लहान ठेवायचा, एवढंच हातात असतं.

पण दहा-बारा वर्षांवरच्या मांजराला नव्याने असं व्हायला लागलं, किंवा जुन्या सर्दीने रूप बदललं, तर ‘त्याचं नेहमीचंच आहे’ म्हणून गप्प बसू नका. एकाच नाकपुडीतून सतत शेंबूड, त्यात रक्ताचा अंश, नाकाच्या दांड्यावर सूज, एक डोळा पुढे आल्यासारखा दिसणं यांपैकी काहीही दिसलं तर नाकातली गाठ किंवा बुरशी नाही ना, हे बघावं लागतं. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी कबुतरांच्या विष्ठेत वाढते, आणि आपल्या शहरांतल्या बाल्कन्यांची अवस्था तुम्हाला माहीतच आहे. तुमचं मांजर कबुतरांच्या घाणीशेजारी ऊन खात असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

तिसरा संशयित दात. वरच्या सुळ्याचं मूळ नाकाच्या पोकळीला अगदी लागून असतं. ते कुजलं की पू नाकात उतरतो आणि आपण महिनोन्महिने सर्दीची औषधं देत बसतो. वर, तोंडात कुठेही पू असला की साखर आटोक्यात येत नाही. बंड्याचा डावा सुळा काढल्यावर त्या वर्षी आमचे झटके निम्म्यावर आले, साखरही उतरली. दातांचा एक्स-रे आधीच काढून घेतला असता तर बरं झालं असतं.

नाकाच्या तोंडाशी बोळा फिरवून केलेल्या कल्चरला (जिवाणू वाढवून बघायच्या तपासणीला) फारसा अर्थ नसतो. तिथे निरोगी मांजराच्याही नाकात जिवाणू असतातच. भूल देऊन खोलवर नाक धुऊन घेतलेला नमुना, दुर्बिणीतून तपासणी आणि मिळाला तर सीटी स्कॅन यांतून खरं चित्र दिसतं. त्या धुण्यानेच कधीकधी काही आठवडे आराम पडतो. भूल द्यायची ठरली की त्या दिवशी सकाळी इन्सुलिन किती आणि उपास किती तासांचा, हे आदल्या दिवशी लिहून घ्या. फोनवर ऐकलेलं सकाळी आठवत नाही.

वही

सर्दीची फाइल वेगळी आणि साखरेची वेगळी, असं आम्ही पहिलं वर्षभर केलं. त्यात नुकसान झालं. संसर्ग झाला की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, साखर चढते. साखर चढली की संसर्ग लवकर हटत नाही. म्हणजे दोन्ही एकाच पानावर पाहिजेत. आता शंभर पानी वहीत रोज एक ओळ असते: किती खाल्लं (पूर्ण, अर्धं, चाटलं, नाही), इन्सुलिनची वेळ आणि युनिट, साखर, नाकातलं पाणी की घट्ट आणि रंग कोणता, दिवसभरातल्या शिंका अंदाजाने. लिटरमधले, म्हणजे ट्रेतल्या शी-शूच्या वाळूतले, लघवीचे गोळे मोजायचे. एका दिवसात तीनाचे सहा झाले की साखर चढलीये, हे ग्लुकोमीटरच्या आधी लिटरचा ट्रे सांगतो.

आठवड्यातून एकदा वजन. माणसांच्या काट्यावर मांजर कडेवर घेऊन उभं राहण्यात पाव-अर्धा किलोची चूक सहज होते. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा मिळतो ना, त्याला मांजरासकट कॅरियर अडकवा आणि रिकाम्या कॅरियरचं वजन वजा करा. साडेचार किलोच्या मांजराचे दोनशे ग्रॅम गेले तर ते आपल्या तीन किलोंसारखं असतं.

नाक मोकळं करायचं

हे जेवणाच्या वीस मिनिटं आधी. जेवण झाल्यावर केलंत तर मेहनत फुकट.

पहिल्यांदा वाफ. बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून दार लावायचं आणि त्याला मांडीवर घेऊन दहा मिनिटं बसायचं. पातेल्यावर तोंड धरून द्यायचा वाफारा मांजराला कधीच नको, भाजेल. नेब्युलायझर असेल तर फारच चांगलं. कॅरियरमध्ये बसवायचं, वरून टॉवेल टाकायचा, एक बाजू उघडी ठेवायची, मास्क जाळीला टेकवायचा आणि साधं ०.९ टक्के सलाइन. दहा मिनिटं, झटक्याच्या दिवसांत दोन-तीनदा. तीन टक्क्यांचं सलाइन माणसांसाठी मिळतं, ते झोंबतं, आणू नका.

आमचा नेब्युलायझर सासऱ्यांचा, जुना, ट्रॅक्टरसारखा आवाज करणारा. पहिल्या दिवशी चालू केला आणि बंड्या दोन दिवस कपाटाखाली. मग यंत्र शेजारच्या खोलीत गोधडीच्या घडीवर ठेवलं, नळी दाराच्या फटीतून आणली. त्याआधी चार दिवस नुसता कॅरियर टॉवेल टाकून उघडा ठेवला आणि आत त्याचा आवडता सुका बोंबील, चुटकीभर, पाण्यात मीठ काढून. पाचव्या दिवशी तो स्वतःहून आत जाऊन बसला. नवीन घेणार असाल तर आवाज न करणारं जाळीचं यंत्र घ्या.

वाफेनंतर नाकपुडीच्या कडेची खपली कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने. ओढून काढायची नाही. कापूस टेकवून वीस आकडे मोजायचे, ती आपोआप सुटते. मग सलाइनचा थेंब, प्रत्येक नाकपुडीत एक. मी त्याला टॉवेलात गुंडाळून पाठमोरा मांडीवर घेते आणि बाटली मागच्या बाजूने आणते. समोरून आणली की लढाई. थेंब पडला की तो शिंकतो आणि सगळं माझ्या चष्म्यावर येतं. तेच हवं असतं.

थेंबांची बाटली घेताना लेबल वाचा. लहान मुलांच्या सलाइन थेंबांत सोडियम क्लोराइड असतं, ते चालतं. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन लिहिलेलं नाक मोकळं करणारं औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मांजराच्या नाकात घालायचं नाही.

जेवण आणि मग सुई

जेवण अंगाच्या उबेइतकं, साधारण ३८ अंशांवर. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर बोटाने ढवळून बघा, मध्ये चटका बसणारा भाग राहतो. मी वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवते. वास सुटतो आणि भाजत नाही. वास तीव्र असलेलं काहीतरी वरून: पाण्यातल्या ट्यूनाचं पाणी किंवा बिनमिठाचं, बिनकांद्यालसणाचं चिकनचं पाणी. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक असतो, त्यामुळे आपल्या रश्श्यातलं चिकन धुऊन द्यायचं, हा प्रकार नको.

दूधभात, दूधपोळी बंद. आमच्या आईला हे पटायला वर्ष लागलं. ‘‘अगं, आपल्या मनीने सोळा वर्षं दूधभातच खाल्ला की!’’ मनी उंदीरही खायची आणि दिवसभर कौलांवर असायची. साखरवाल्या मांजराला प्रथिनं भरपूर आणि पिष्ट पदार्थ कमी असलेलं ओलं खाणं लागतं. नुसतं घरचं चिकनही रोज पुरत नाही, त्यात टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं पोषकद्रव्य) आणि कॅल्शियम पुरेसं नसतं. डबाबंद खाणं मुख्य आणि चिकन वरून, असं ठेवा.

आता सुई. क्रम ठरलेला: आधी साखर, मग जेवण, मग इन्सुलिन. रक्त कानाच्या कडेवरून. एका मोज्यात मूठभर तांदूळ भरून जरा कोमट करून कानाला लावा, रक्त चटकन येतं. कडेला व्हॅसलिनचं बोट फिरवलं की थेंब केसांत पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो. माणसांचा ग्लुकोमीटर मांजरात बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. चालतो, पण तोच एक कायम वापरा आणि तो माणसांचा आहे हे डॉक्टरांना सांगा. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर तीनशेवर जाऊ शकते, म्हणून घरचे आकडे जास्त कामाचे. जमत नसेल तर फ्रुक्टोसामीन तपासणीबद्दल विचारा. तिच्यात मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते.

सिरिंजबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपल्याकडचा घोळ जीवघेणा आहे. भारतात माणसांच्या इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, तर मांजरांना बहुधा देतात ते ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन १०० युनिटचं. लाल टोपणाची सिरिंज ४०ची, केशरी टोपणाची १००ची. १००चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने दोन रेघांपर्यंत भरलंत तर अंगात दोन नाही, पाच युनिट गेले. अडीचपट. मेडिकलवाला ‘‘ताई, एकच असतं हो’’ म्हणाला तरी बाटली आणि टोपण दोन्ही समोर धरून बघा. अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज मिळाली तर तीच घ्या, मांजराचा डोसच एवढासा असतो.

आणि तो सव्वासहाचा प्रश्न. आमच्या फ्रिजवर डॉक्टरांच्या अक्षरातला कागद आहे, तुम्हीही असाच लिहून घ्या, कारण आकडे प्रत्येकाचे वेगळे. आमच्यावर असं आहे: पूर्ण खाल्लं तर नेहमीचा डोस. अर्धं खाल्लं तर निम्मा, आणि चार तासांनी साखर. नुसतं चाटलं तर थांबा, पुन्हा वाफ आणि थेंब, तासाभराने पुन्हा वाढा. तरी नाही तर सुई न देता फोन. साखर १५०च्या खाली असेल तर कितीही खाल्लं असलं तरी आधी फोन.

फोन महत्त्वाचा, कारण ‘खाल्लं नाही, मग नकोच’ म्हणत तीन-चार डोस सोडले तर तेही धोक्याचं. इन्सुलिन नाही, अंगात संसर्ग, पोट रिकामं, अशात शरीर चरबी जाळतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात. मेडिकलमध्ये लघवीच्या कीटोनच्या पट्ट्या मिळतात. मी जुनी पळी ट्रेजवळ ठेवली आहे, तो बसला की हळूच मागून सरकवते. पट्टी जांभळट झाली की त्याच दिवशी दवाखाना.

उलटी चूकही मी केली आहे. झटक्यात साखर ३८० दिसली म्हणून मनाने अर्धं युनिट वाढवलं. आठवड्याने नाक मोकळं झालं, संसर्ग ओसरला, इन्सुलिनची गरज खाली आली आणि डोस मात्र वरच. रविवारी दुपारी बंड्या दारूड्यासारखा झोकांड्या खात स्वयंपाकघरात आला. साखर ४६. गिळता येत होतं म्हणून लगेच खायला दिलं, हिरड्यांना मध चोळला आणि रिक्षा पकडली. मांजर शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, फुप्फुसात जाईल. मध किंवा ग्लुकोजची पेस्ट हिरड्यांना चोळायची आणि निघायचं. झटक्याच्या दिवसांतल्या साखरेवर डोस मनाने कधीच वाढवू नका.

औषधांचा डबा

स्टेरॉइडबद्दल सगळ्यात आधी. ‘एक इंजेक्शन देऊ, महिनाभर नाक मोकळं राहील’ असं कुणी म्हणालं तर ‘त्याला मधुमेह आहे’ हे मोठ्याने म्हणा. एका दवाखान्यात फाइल न बघता सुई भरलीसुद्धा होती. लांब टिकणाऱ्या स्टेरॉइडने साखर आठवडेच्या आठवडे वर राहते, दिलेलं परत काढता येत नाही आणि दबलेला हर्पीसही उठतो. सूज कमी करायला स्टेरॉइड लागलंच तर श्वासातून द्यायचं, त्याचा साखरेवर परिणाम कमी असतो. तेही साखरेच्या डॉक्टरांशी बोलूनच.

पाण्यासारखं नाक आणि शिंका, पण जेवण व्यवस्थित, तर अँटिबायोटिकची घाई नको. घट्ट पिवळं-हिरवं, ताप, मलूलपणा असेल तर डॉक्टर देतील आणि दिलेला कोर्स पुरा करायचा. डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली की मागून सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी पाजा. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊन नळी आवळते. एनरोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचा डोस जास्त झाला तर मांजराची दृष्टी जाते, त्यामुळे वजन आजचं सांगा, गेल्या वर्षीचं नको. हर्पीससाठी फॅमसायक्लोविर देतात. माणसांचं व्हॅलासायक्लोविर मांजराला विषारी आहे, नावं सारखी वाटतात म्हणून सांगते. लायसीनची पावडर बरेच लोक देतात. अभ्यासांत तिचा उपयोग दिसलेला नाही, आम्हीही दोन डबे संपवून बंद केली.

आपल्या घरातली सर्दीची गोळी कधीही नाही. त्यांतल्या बहुतेकांत पॅरासिटामॉल असतं, आणि मांजराला एक गोळीही जीव घ्यायला पुरते. छातीला लावायचा बाम, निलगिरीचं तेल, कापूर हेही नको. मांजर अंग चाटतं आणि त्याचं यकृत हे पचवू शकत नाही.

घरातली हवा

आमचे झटके कधी येतात ते वहीत उघड दिसतं: दिवाळीचा आठवडा, रंगकाम आणि लाल मिरचीची फोडणी. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल बंद केली. आईचा देवघरातला धूप आता बाल्कनीत असतो. फोडणीच्या वेळी बंड्या आतल्या खोलीत, दार बंद. लिटर धूळ न उडणारं. पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते तिथे त्याची गादी नको. दिवाळीत चार दिवस आधीच डॉक्टरांशी बोलून नेब्युलायझर सुरू करतो.

धावायची वेळ

तोंड उघडं टाकून श्वास घेणारं मांजर म्हणजे आणीबाणी, ‘सकाळी बघू’ नाही. झोपेत मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास सतत मोजले गेले तरी फोन करा. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर दवाखाना. मांजर, विशेषतः जाडं मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साचते आणि ते निस्तरणं फार अवघड असतं. उलट्या, झोकांड्या, आकडी, नाकातून रक्त यांनाही थांबायचं नाही. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे आजच बघून ठेवा.

दुसऱ्याच्या हाती सोपवताना

मे महिन्यात आम्ही पाच दिवस गावी गेलो. शेजारच्या काकूंना स्वतःलाच मधुमेह, सुईची भीती नाही. तरी निघण्याआधी आठवडाभर त्यांच्याकडूनच टोचून घेतलं आणि बाटलीला केशरी रिबन बांधली, टोपणाच्या रंगाची. फ्रिजवरचा कागद होताच. परत आले तेव्हा वहीत काकूंच्या अक्षरात पाच ओळी होत्या. शेवटची अशी: ‘सकाळी पूर्ण वाटी. दोन युनिट. उजवी नाकपुडी जराशी. एक शिंक, माझ्या नव्या गाउनवर.’